पिक्चरमधलं फाटक

लॉरी बिडलच्या बैठकीच्या खोलीत त्या सोमवारी तिघंजण टीव्हीसमोर बसले होते, आणि तिघांपैकी कुणालाच पिक्चर बघायचा नव्हता. त्यांना फक्त शेवटचं फाटक बघायचं होतं.

पुकेमोआत पिक्चर एकच. पन्नास वर्षांपूर्वी, मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात, वेलिंग्टनहून लांब केसांची माणसं आली, आमच्या वाळलेल्या डोंगरांवर कॅमेरे रोखून बसली आणि गावातली सगळी बिअर संपवून परत गेली. पुढे त्या पिक्चरला परदेशात बक्षिसं मिळाली, विद्वानांनी त्यावर भाषणं ठोकली. गावात मात्र त्याचं नाव कुणी घेत नाही, कारण दुसरा पिक्चरच नाही. नायक ज्या हॉटेलात मार खातो ते हॉटेल अजून तिथेच आहे आणि तिथे अजून मार मिळू शकतो. नायिका रडते तो पूल आहे, नाचते तो हॉल आहे. सापडत नव्हतं ते एक फाटक. शेवटच्या दृश्यात नायिका फाटक ओढून घेते आणि धुक्यातून चालू लागते. तिच्यामागे डोंगर असतो आणि पुढे चार मेंढ्या असतात, त्या तिच्याकडे बघत राहतात. या दृश्यावर जगभरची माणसं रडली म्हणे. आमच्याकडे त्यावरून फक्त भांडणं झाली.

हॉलचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या हुहाना मावशी सांगायच्या की ते फाटक नदीपलीकडचं. हॉटेलवाला म्हातारा कॉलिन शपथेवर सांगायचा की शाळेमागचं. ज्याच्या दाराला म्हणून फाटक होतं, त्या प्रत्येक म्हाताऱ्याने कधी ना कधी ते आपलं असल्याचं सांगितलं होतं. दरवर्षी हॉलमध्ये पिक्चर दाखवायचे, पण प्रत इतकी झिजलेली की मागे डोंगर आहे की पडद्यावर डाग पडलाय, हे सांगता येत नसे. मग चहाबरोबर भांडण व्हायचं आणि सगळे समाधानाने घरी जायचे.

या वर्षी मात्र निकाल लावणं भाग होतं. पन्नाशीनिमित्त शनिवारी वेलिंग्टनहून शौकिनांची बस येणार होती, आणि खऱ्या जागेवर फलक लावायला कौन्सिलने मंजुरी दिली होती. फलकावर जमिनीच्या मालकाचं नाव येणार होतं. फलकाचं काम बघणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता लॉरी, आणि ते नाव आपल्या बापाचं असावं, ही त्याची मनापासून इच्छा होती.

त्याचा बाप विल्फ बिडल. त्याची गावात एकच गोष्ट सांगत. त्या दुष्काळात आसपासच्या बहुतेक शेतांवर मेंढ्या मेल्या, विल्फची एकही मेली नाही. विलोच्या झाडांच्या फांद्या तोडतोडून त्याने कळप जगवला, असं लॉरी सांगायचा. बापाच्या अंत्यविधीला त्याने तेच सांगितलं, तेव्हा सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता लॉरीचा मुलगा पर्थमध्ये खाणीत होता आणि त्याला मेंढीचा वासही सोसत नसे. हिवाळा संपला की शेत एका कंपनीला जाणार होतं, ती तिथे पाइनची झाडं लावणार होती. कुरण जाईल, घर जाईल, बिडल हे नाव फक्त दफनभूमीत उरेल. म्हणून त्याला तो फलक हवा होता.

"थांबव, थांबव," लॉरी सोफ्यावरून पुढे सरकला.

त्याची बायको रेविन हिने पिक्चर थांबवला. कौन्सिलकडून आलेली ही नवी प्रत धुऊन काढल्यासारखी लख्ख होती. नायिकेच्या मागचा डाग आता चांगला धडधाकट डोंगर झाला होता.

"हे तर कुबड," लॉरी म्हणाला.

कुबड म्हणजे बिडल आणि मलोनी यांच्या शेतांमधला डोंगर. त्याची एक बाजू लांब, उतरती आणि दुसरी तुटलेली.

"लांब उतार उजवीकडे," लॉरी पडद्यावर बोट फिरवत म्हणाला. "उजवीकडे म्हणजे आमच्या बाजूने. डेस, तुमच्या बाजूने तो डावीकडे दिसतो. बरोबर ना?"

"बरोबर," डेस मलोनी म्हणाला. तो शेजारी, गावच्या शाळेतला वर्गमित्र आणि समितीचा उरलेला सदस्य. "तुमचंच रे ते. वरच्या कुरणातलं. अभिनंदन, लेका."

लॉरीचे डोळे भरून आले. त्याने चष्मा पुसायच्या निमित्ताने तोंड वळवलं. रेविनने स्कोनची, म्हणजे लोणी लावून खायच्या छोट्या पावांची, बशी पुढे केली. इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण डेस तिसऱ्या पिढीचा मेंढीवाला होता, आणि नायिका समोर असताना तो मेंढ्यांकडे बघत होता.

"अरे," तो आनंदाने म्हणाला, "मेंढ्या तर आमच्या."

आमच्याकडे मेंढीच्या कानाला खाच पाडतात. खाचेच्या आकारावरून आणि कानावरून मेंढी कुणाची ते कळतं. बिडल आणि मलोनी यांची खाच सारखीच, अर्धगोल, कारण दोघांच्या आजोबांनी खाचेचा चिमटा भागीत घेतला होता. दोघेही पक्के चिक्कू. मग बिडलांनी उजवा कान घेतला, मलोनींनी डावा, आणि तीन पिढ्यांत कुणाचं काही बिघडलं नाही.

पडद्यावरच्या चारही मेंढ्यांच्या डाव्या कानाला अर्धगोल खाच होती.

"आमच्या मेंढ्या पिक्चरमध्ये," डेस म्हणाला. "आईला सांगायला हवं."

लॉरीचं डोकं सावकाश चालतं, पण एकदा चालू लागलं की वाटेत थांबत नाही.

"शूटिंग फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात झालं," तो म्हणाला.

"हो."

"दुष्काळात."

"हो, मग?"

"मग काही नाही. मी काही म्हणत नाहीये."

"नाही, म्हण की."

"आमच्याकडे कुसळ उरलं नव्हतं. आमचा बाप झाडावर चढून फांद्या तोडत होता. आणि तुमच्या मेंढ्या आमच्या कुरणात उभ्या राहून पिक्चरमध्ये काम करतायत. बऱ्या गुटगुटीत दिसतायत. एवढंच म्हणतोय."

"अरे, पण मलोनींकडे झरा आहे ना?" रेविन मधे पडली. "तो कधी आटत नाही. त्यांना काय गरज होती?"

"आटला असेल त्या वर्षी," लॉरी म्हणाला.

डेस उठला. "माझ्या बापाने उभ्या जन्मात दुसऱ्याचं गवताचं पातं घेतलं नाही."

"त्याने नसेल घेतलं. मेंढ्यांनी घेतलं."

डेसने हातातला स्कोन बशीत परत ठेवला. त्याने त्याला लोणी लावलेलं होतं, वर जॅमही होता. तो टोपी घालून निघून गेला. पुकेमोआत लोणी लावलेला स्कोन परत ठेवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको.

त्या उन्हाळ्यात खरं काय झालं होतं, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण दोघेही तेव्हा शहरातल्या वसतिगृहांत होते. लॉरी एका शाळेत, डेस पाद्र्यांच्या दुसऱ्या शाळेत. मे महिन्यात घरी आले तोवर पाऊस पडून गेला होता आणि ज्याच्या त्याच्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या कुरणात होत्या. पण माहिती नसली म्हणून भांडण अडतं थोडंच. उलट जरा मोकळेपणाने करता येतं.

मंगळवारी गावात दोन तट पडले. बुधवारी हॉटेलात डेस एका टोकाला आणि लॉरी दुसऱ्या टोकाला बसला, आणि मधल्या जागेत म्हातारा कॉलिन तोंडची वाफ दवडत राहिला. "अरे, कशाला उकरून काढताय?" तो दोघांनाही आळीपाळीने सांगत होता. "फलक पुलावर लावा. पूल सगळ्यांचा. पूल काय वाईट आहे?"

"फाटकाचा फलक पुलावर?" लॉरी म्हणाला.

"मी तर म्हणतो ते फाटक शाळेमागचंच आहे."

"कॉलिन, मी डोळ्यांनी कुबड बघितलंय."

"चष्मा बदल," कॉलिन म्हणाला आणि ग्लास पुसायला आत निघून गेला.

गुरुवारी अग्निशमन दलाचा भोंगा झाला. आमच्याकडे दल म्हणजे गावातलीच माणसं. भोंगा वाजला की जो असेल तो हातातलं टाकून धावतो. बंब डेस चालवतो आणि शेजारी बसून रस्ता लॉरी सांगतो, वीस वर्षं हेच चाललंय. त्या दिवशी दोघांच्या मधे दुकानदार बॅरी अंग चोरून बसला होता.

"बॅरी, डेसला सांग, पुढे डावीकडे वळायचंय," लॉरी म्हणाला.

"डेस, तो म्हणतोय डावीकडे."

"त्याला म्हणावं, डावीकडे कुणाची जमीन आहे ते आधी विचारून घे. उगाच माझ्या बंबाने गवत खाल्लं असं व्हायचं."

"लॉरी, तो म्हणतोय..."

"ऐकलं मी. त्याला सांग, वळण गेलं."

वळण गेलं होतं. बंब पुढच्या पुलापर्यंत जाऊन उलटा फिरून आला, तोवर धूर विझलेला होता. तिथल्या बाईंनी जुना सोफा जाळायला घेतला होता आणि तो त्यांनीच बादलीने विझवला. वर त्यांनी सगळ्यांना चहा विचारला. डेस आणि लॉरी दोघेही "नको" म्हणाले, तेही एकाच वेळी, आणि त्याचाही दोघांना राग आला.

त्याच संध्याकाळी कौन्सिलचा फलक आला. लॉरीने मजकूर सोमवारीच, राग डोक्यात असताना, फोनवरून कळवून टाकला होता. काळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'चित्रपटाचे अखेरचे दृश्य येथे, विल्फ्रेड बिडल यांच्या जमिनीवर चित्रित झाले. मोठ्या दुष्काळात यांनी एकही मेंढी मरू दिली नाही.' लॉरीने ती पाटी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि जेवण सोफ्यावर घेतलं.

रेविन त्या वेळी कोट शिवत होती. बस आली की नायिकेसारखा कोट घालून फाटकात उभं राहायचं आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं काम समितीने तिच्याकडे दिलं होतं. समितीत दोनच माणसं होती आणि दोघांनाही तो कोट बसला नसता. टॅबलेटवर पिक्चरमधले फोटो लावून ती काजं करायला बसली होती.

"अरे लॉरी, ही बाई कोट कसा घालते?"

"म्हणजे?"

"पुलावर रडते तेव्हा काजं उजवीकडे आहेत. बायकांच्या कोटाला असतात तशी. फाटकाशी डावीकडे. तोच कोट, तीच खांद्यावरची फाटलेली शिवण, पण तीही दुसऱ्या खांद्यावर गेलीय."

"असतील दोन कोट."

"दोन कोट एकाच जागी फाटतात का? तेही एकमेकांच्या उलटे?"

"पिक्चरवाल्यांचं काही सांगता येत नाही," लॉरी म्हणाला आणि पाटीवरची धूळ फुंकू लागला. धूळ नव्हतीच.

रेविन शिवणकाम अर्धवट सोडणाऱ्यांतली नाही. ती टॅबलेट घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिने हाक मारली, आणि त्या हाकेत असं काही होतं की लॉरी लगेच उठला. ती कपाटाच्या आरशासमोर टॅबलेट धरून उभी होती.

"आरशात बघ. आता कोट बरोबर आहे."

लॉरीने बघितलं. कोट बरोबर होता. फाटका खांदा जिथल्या तिथे आला होता. मग त्याची नजर खाली गेली, जिथे ती पहिल्यांदाच जायला हवी होती. आरशातल्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला खाच होती. मागे कुबडाचा लांब उतार डावीकडे गेला होता.

"त्यांनी हे उलटं छापलंय," रेविन हळूच म्हणाली.

लॉरी पलंगावर बसला. त्याचं डोकं सावकाश चालू लागलं, आणि या वेळी ते वाटेत थांबलं असतं तर त्याला फार बरं वाटलं असतं. उजवा कान म्हणजे मेंढ्या बिडलांच्या. डावा उतार म्हणजे गवत मलोनींचं. फेब्रुवारी. दुष्काळ. एकही मेंढी मेली नाही.

"फांद्यांनी कळप जगत नाही गं," तो म्हणाला. "मला हे आधी कळायला हवं होतं. मी जन्मभर मेंढ्या पाळल्या. फांद्यांनी बकरीसुद्धा आठवडाभर जगत नाही."

शुक्रवारी सकाळी तो डेसच्या दारात उभा राहिला. माफी मागायची सवय त्याला नव्हती, म्हणून काखेत कपाटाचा आरसा घेऊन आला होता. डेसने दार उघडलं, आरसा बघितला आणि म्हणाला, "आता काय, माझं तोंड दाखवायला आलास?"

"माझं बघायला आलोय," लॉरी म्हणाला. "आत येऊ का?"

स्वयंपाकघराच्या टेबलावर आरसा आणि टॅबलेट समोरासमोर ठेवून त्याने सगळं दाखवलं. डेसने तीनदा बघितलं. तो आनंदाने उड्या मारेल, निदान टोमणा तरी मारेल, असं लॉरीला वाटत होतं, आणि तो टोमणा घ्यायची त्याने तयारीही केली होती. पण डेस फक्त एवढंच म्हणाला, "बाबा कधी बोलले नाहीत." मग त्याने गाडीची किल्ली घेतली. "चल. आईला विचारू."

डेसची आई नोरा नव्वदी ओलांडलेली. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खुर्चीत तिचं राज्य होतं. दोघे आत शिरले तेव्हा रेडिओवर घोड्यांची शर्यत चालू होती. नोराने त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं. दोघे साठी उलटलेले शेतकरी शाळेतल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. शर्यत संपली, नोराचा घोडा मागे पडला, तिने त्याच्या आईबापांविषयी चार शब्द काढले आणि मग रेडिओ बंद केला.

"आई, पिक्चरमधल्या त्या मेंढ्या," डेस म्हणाला.

"विल्फच्या," नोरा म्हणाली. "एवढं विचारायला दोघं आलात?"

"काकू, त्या तुमच्या कुरणात होत्या?"

"दोन महिने. आमचा झरा वाहत होता. तुझा बाप डेसच्या बापाकडे, पॅटकडे आला आणि दारात नुसता उभा राहिला. मागता येईना त्याला. पॅट म्हणाला, 'विल्फ, माझं गवत फार वाढलंय, तुझ्या थोड्या मेंढ्या पाठवशील तर उपकार होतील.' फार वाढलंय म्हणे. घोट्याएवढंही नव्हतं." ती हसली. "पहाटे घेऊन आला तुझा बाप कळप. कुणाला दिसू नये म्हणून."

लॉरीने टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, म्हणून परत घातली आणि पुन्हा काढली.

"मग पिक्चर उलटा कसा झाला?" डेसने विचारलं.

"पॅटने करायला लावला."

"बाबांनी?"

"त्यांनी आपल्या फाटकाशी शूटिंग केलं, तेव्हा पॅट लोकर घेऊन बाजारात गेलेला. नंतर हॉटेलात त्यांनी थोडी चित्रं दाखवली, तेव्हा पॅटने मेंढ्यांचे कान बघितले. तसाच गेला त्या दिग्दर्शकाकडे. म्हणाला, 'तुम्ही माझ्या शेजाऱ्याचं नाव पडद्यावर लिहिलंय.' तो म्हणतो, 'कुठे?' पॅट म्हणाला, 'कानावर.' आधी तो हसला. मग पॅटचं तोंड बघून थांबला. म्हणाला, 'पुन्हा काढता येणार नाही, ती बाई लंडनला गेली. पण उलटं छापू शकतो, आमच्याकडे कुणाच्या लक्षात येणार नाही.' बरा माणूस होता. केस तेवढे कापायला हवे होते."

डेस पलंगाच्या कडेवर बसला.

"मी पॅटला म्हटलं होतं," नोरा म्हणाली, "अरे, असं उलटलं की आपल्याच मेंढ्या विल्फचं गवत खाताना दिसतील. उद्या कुणी नीट बघितलं तर चोर आपण ठरू. तर म्हणाला, 'ठरू दे, नोरा. आपल्याला झेपेल. विल्फला नाही झेपायचं.'"

लॉरी रडला. चष्मा वगैरे पुसायच्या भानगडीत तो पडलाच नाही. "काकू," तो म्हणाला, "मी सोमवारी डेसला..."

"कळलं मला. बॅरीची बायको दर बुधवारी येते इथे." नोराने त्याचा हात धरला. "तुझा बाप तोंडाने कधी काही बोलला नाही. पण आमचं नदीकाठचं कुंपण पुढे कधी मोडलं नाही."

"ते मजबूतच होतं," डेस म्हणाला.

"दर पुरात वाहून जायचं ते. दर पुरानंतर सकाळी उभं असायचं. तुला काय वाटलं, आपोआप उगवायचं?"

परत येताना डेसने वाटेतल्या बेकरीवर गाडी थांबवली, दोन खिम्याच्या पॅटी घेतल्या आणि एक लॉरीच्या मांडीवर टाकली. ती खाऊन होईपर्यंत दोघांना बरं वाटत होतं. मग नवं भांडण सुरू झालं.

"फलक तुमच्या बाजूला लावायचा," लॉरी म्हणाला. "पॅटचं नाव घालून."

"मुळीच नाही. माझ्या बापाने पन्नास वर्षं झाकलं ते तू उघडं करणार? तुझ्या वरच्या कुरणात लाव. आहे तसा."

"खोट्या जागी?"

"पिक्चरमध्ये तीच दिसते की."

"डेस, मी तुला चोर म्हटलं."

"माझ्या बापाने ते आधीच मान्य केलं होतं, तू कशाला मनाला लावून घेतोस?"

शनिवारी बस आली. काळे कपडे, महागडे कॅमेरे आणि अजिबात न चिखललेले बूट घातलेली माणसं उतरली. सगळं गाव हॉलपासून चालत मलोनींच्या बाजूला निघालं तेव्हा पुष्कळांनी एकमेकांकडे बघितलं. फाटकात रेविन कोट घालून उभी होती, काजं उजवीकडे. शेजारी पोत्याने झाकलेला फलक होता, आणि त्याच्याशेजारी डेस हाताची घडी घालून, पराभूत पण शांत चेहऱ्याने उभा होता.

लॉरीने भाषण लिहून आणलं नव्हतं. "पाहुणेमंडळी," तो म्हणाला, "तुम्ही शोधत होता ते फाटक हे. तुमच्या पिक्चरमध्ये ते उलटं छापलंय. का छापलंय ते सांगतो. दुष्काळात माझ्या बापाच्या मेंढ्या इथे जगल्या. मेंढ्या आमच्या होत्या, गवत पॅट मलोनींचं. माझ्या बापाला खाली बघायला लागू नये म्हणून त्यांनी तुमचा सगळ्यांचा पिक्चर फिरवला. मी या आठवड्यात त्यांच्या मुलाला चोर म्हणालो. ते चुकलं. मी आज जो काही आहे तो या गवतावर आहे. माझं शेत हिवाळ्यानंतर जाईल, पण हे मला कळल्याशिवाय ते गेलं असतं तर फार वाईट झालं असतं. मी मलोनींचे आभार मानतो. बाबांनाही मानायचे होते. त्यांनी कुंपणं बांधली, मला बांधता येत नाहीत तेवढी चांगली, म्हणून मी तोंडाने मानतो."

मग त्याने पोतं ओढलं. नवी पाटी करायला वेळ नव्हता. मेंढ्यांना खुणा करायच्या लाल रंगाने त्याने 'विल्फ्रेड बिडल' खोडून वर 'पॅट मलोनी' लिहिलं होतं. बाकीचा एक शब्दही बदलावा लागला नव्हता. पॅट मलोनी यांच्या जमिनीवर. मोठ्या दुष्काळात यांनी एकही मेंढी मरू दिली नाही. डेसने ते वाचलं, परत वाचलं, आणि कुंपणापलीकडे काहीतरी तातडीचं बघायला निघून गेला.

बसमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले. गावातली म्हातारी माणसं मात्र चपापून जमिनीकडे बघत होती. लॉरीला वाटलं, त्यांना धक्का बसला असावा. चहाच्या वेळी तो हुहाना मावशींसमोर कप घेऊन उभा राहिला.

"मावशी, तुम्हा सगळ्यांना मी इतकी वर्षं विलोच्या फांद्यांची गोष्ट सांगत होतो. माफ करा."

हुहाना मावशींनी किटली खाली ठेवली. "लॉरी, कुबडावरून मेंढी चढत नाही. तुमच्याकडून मलोनींकडे कळप न्यायचा तर गावच्या पुलावरून न्यायला लागतो."

"हो."

"शेकड्यांनी मेंढ्या, पहाटे, लाकडी पुलावरून. माझं घर तेव्हा पुलाला लागून होतं. कॉलिनचं हॉटेल समोर. तुझा बाप पुढे चालत होता आणि मेंढ्यांना 'श्श' करत होता."

लॉरी बघतच राहिला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. आम्ही आपापले दिवे मालवले आणि पडून राहिलो. बिचाऱ्याला वाटावं, सगळे झोपलेत."

"मग हे फाटक? तुम्ही म्हणायचात नदीपलीकडे, कॉलिन म्हणायचा शाळेमागे. पन्नास वर्षं भांडलात तुम्ही त्यावरून."

हुहाना मावशींनी त्याचा कप घेतला, चहा ओतला आणि न विचारता दोन चमचे साखर घातली.

"भांडलो नसतो तर सापडलं असतं की," त्या म्हणाल्या.